कॅटात पत्ते किती

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. एका बाजूला कुठल्यातरी जुन्या जर्नलची छपाई, दुसरी बाजू कोरी. स्पर्धेत कच्च्या कामासाठी आम्ही असेच पाठकोरे कागद वाटतो. कोपऱ्यात बैठक क्रमांक लिहिलाय, ३८. मधोमध निळ्या शाईत एकाखाली एक चार आकडे आहेत: ७०३, ८६१, १०३५, १२२५. पहिल्या तिघांवर काट मारलेली आणि चौथ्याभोवती गोल. गोल काढताना पेन इतकं दाबलंय की मागच्या बाजूने बोट फिरवलं तर वळ हाताला लागतो. त्याच्याखाली ५२ ÷ ४ = १३, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात 'अजून दोन कोण?' असं मराठीत लिहिलंय. हा कागद मी टाकून देऊ शकलेले नाही, कारण त्यावरचं सगळं गणित एका मुलीला माझ्यामुळे करावं लागलं.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोलापूर आणि आजूबाजूच्या गावांतले आम्ही काही प्रोग्रामर मिळून दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी एक कोडिंग स्पर्धा घेतो. चार तास, सहा प्रॉब्लेम, एका कॉलेजच्या दोन लॅब. त्या वर्षी चौसष्ट मुलं होती. फेब्रुवारी असूनही पंखे पाचवर होते, यूपीएस मधूनमधून टीं टीं करत होते आणि लॅबमध्ये तो ओळखीचा वास होता, तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीचा. आम्ही परीक्षक शेजारच्या खोलीत लीडरबोर्डसमोर, म्हणजे चालू क्रमवारी दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर, बसलो होतो. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तिसऱ्या प्रॉब्लेमवर एक शंका आली. मोडक्या इंग्रजीत एकच ओळ होती: एका डेकमध्ये किती कार्डं असतात?

तो प्रॉब्लेम मी लिहिलेला होता. पत्त्यांच्या कॅटातले काही पत्ते उघडे करून ठेवलेत, उरलेल्यांतून अमुक इतके पत्ते किती प्रकारे काढता येतील, त्यात एका रंगाचे किमान तमुक हवेत, असं काहीसं. मी शंका वाचली आणि दहा सेकंदांच्या आत उत्तर टाकलं, 'रीड द प्रॉब्लेम स्टेटमेंट'. शेजारी बसलेल्या मित्राला म्हणालेही, "वाचतच नाहीत रे मुलं." त्याने मान हलवली. आम्ही पुन्हा लीडरबोर्डकडे बघायला लागलो.

कोडिंग स्पर्धेत परीक्षकाने द्यायची उत्तरं साधारण ठरलेली असतात. हो, नाही, नो कमेंट, आणि स्टेटमेंट पुन्हा वाचा. बाहेरच्या माणसाला हे तुटक वाटतं, पण त्यामागे विचार आहे आणि तो मला मनापासून पटतो. एकाला जास्तीचा शब्द सांगितला की बाकीच्या त्रेसष्ट जणांवर अन्याय झाला. आयसीपीसीत, म्हणजे कॉलेजच्या संघांच्या जागतिक कोडिंग स्पर्धेत, तीन जणांना मिळून एकच संगणक आणि पाच तास मिळतात. सुटलेल्या प्रॉब्लेमवर आधी जितके चुकीचे प्रयत्न केले असतील, त्या प्रत्येकाचा वीस मिनिटांचा दंड वेळेत मिळवतात. तिथे एखाद्या संघाला मिळालेला एक इशारासुद्धा क्रमवारी उलटीपालटी करू शकतो. आम्ही नियम तिथूनच घेतले आहेत, शेवटच्या तासात लीडरबोर्ड गोठवण्यापर्यंत. त्यामुळे ते उत्तर टाकताना मला जराही खटकलं नाही. उलट आपण काटेकोर वागलो असंच वाटलं.

आणि काटेकोरपणात आम्ही काही कमी ठेवलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पहिली फेरी ऑनलाइन असायची, ती बंद केली. मोठमोठ्या स्पर्धांना एआयपुढे नियम बदलावे लागलेत. कोडफोर्सेस या स्पर्धा घेणाऱ्या वेबसाइटने २०२४ मध्ये त्यावर निर्बंध घातले, अॅडव्हेंट ऑफ कोड या ऑनलाइन स्पर्धेने २०२५ मध्ये जागतिक क्रमवारीच काढून टाकली. आमच्यासारख्यांनी घरी बसलेल्या मुलावर लक्ष तरी कसं ठेवायचं? म्हणून सगळ्यांना एका छताखाली आणलं. मोबाईल पिशवीत, पिशवी वर्गाबाहेर. इंटरनेट बंद, फक्त आमचा सर्व्हर चालू. कोण कुठे बसणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण लॅबमधल्या निम्म्या कीबोर्डांची अक्षरं पुसलेली होती आणि दोनांची स्पेसबार अडकत होती. कुणाला काय मिळावं हे निदान आम्ही ठरवू नये. सबमिशन झाल्यावर सगळे कोड मॉसमधून काढले. हे अॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये बनवलेलं, नक्कल पकडणारं जुनं साधन. चलांची नावं बदलली, ओळींचे क्रम हलवले, तरी त्याला कोडच्या तुकड्यांचे ठसे जुळलेले कळतात. दोन मुलांचे कोड जुळलेही. बोलावून विचारलं, तर दोघांनी एकाच सरांकडून एकच साचा पाठ केला होता. बाकीचा विचार दोघांचा वेगवेगळा होता. दोघांना जाऊ दिलं, आणि बरोबरच केलं असं अजूनही वाटतं.

वेळेच्या मर्यादेवर तर आमचे आठ दिवस गेले होते. आमच्याकडच्या डिप्लोमाच्या मुलांना सी ही प्रोग्रामिंगची भाषा येते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्यांना सी++, आणि अलीकडे शाळेतून येणारी मुलं पायथन घेऊन येतात. सी++ सेकंदाला ढोबळमानाने दहा कोटी साध्या क्रिया उरकतं, तिथे पायथन एक कोटीच्या आसपास दमतं. मर्यादा एक सेकंद ठेवली की पायथनवाल्याचा बरोबर विचारसुद्धा टीएलई, म्हणजे 'वेळ संपली' असा शेरा, खातो. पाच सेकंद ठेवली की सी++वाल्याचा आळशी विचार पास होतो. मग आकडे असे निवडायचे, की दोन लाख नोंदींवर एकात एक दोन लूप फिरवणारा कुठल्याही भाषेत अडकेल आणि नीट क्रम लावून करणारा कुठल्याही भाषेत सुटेल. सी++मध्ये ३२ बिटांच्या इंटमध्ये २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेलं की आकडा उलटून ऋण होतो, म्हणजे ओव्हरफ्लो; पायथनमध्ये असा प्रश्नच येत नाही. म्हणजे जिथे प्रॉब्लेमचा जीव ओव्हरफ्लोत नाही, तिथे उत्तर त्या मर्यादेच्या आत ठेवायचं. हे सगळं आम्ही रात्री जागून केलं होतं. प्रत्येक टेस्टकेस, म्हणजे कोड तपासायला द्यायचं इनपुट, आधी व्हॅलिडेटरमधून काढली होती, स्टेटमेंटमध्ये लिहिलंय तसंच इनपुट आहे ना हे तपासायला.

स्टेटमेंटमध्ये काय लिहायचं राहिलंय, हे तपासणारा प्रोग्राम मात्र आमच्याकडे नव्हता.

स्पर्धा संपली, बक्षिसं झाली, कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं वाटून झाली. रात्री घरी कच्च्या कागदांचा गठ्ठा चाळत होते. ही माझी जुनी सवय. मुलांच्या कच्च्या कामात त्यांचा विचार जितका दिसतो तितका कोडमध्ये दिसत नाही. कोड म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेली बैठकीची खोली, आणि कागद म्हणजे स्वयंपाकघर. त्यात हा ३८ नंबरचा कागद आला. आधी ते चार आकडे कळलेच नाहीत. मग १२२५ ओळखीचा वाटला. स्टेटमेंटखाली उत्तरासकट दिलेल्या माझ्या पहिल्या नमुना टेस्टकेसचं उत्तर होतं ते. दोन पत्ते उघडे, उरलेल्यांतून कोणतेही दोन काढायचे, किती प्रकारे? पन्नास गुणिले एकोणपन्नास, भागिले दोन. १२२५.

तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. तिला कॅटात किती पत्ते असतात हे माहीतच नव्हतं. म्हणून ती माझ्या उत्तरावरून उलटी मागे गेली होती. एकूण चाळीस धरले तर उरतात अडतीस, आणि उत्तर येतं ७०३. जुळत नाही. नमुन्यात एक पत्ता 'के' अक्षराचा होता, तेव्हा प्रत्येक रंगात अकरा धरून एकूण चव्वेचाळीस. ८६१. नाही. बारा बारा धरून अठ्ठेचाळीस. १०३५. नाही. बावन्न. १२२५. मग बावन्नला चाराने भागून प्रत्येक रंगात तेरा. एक ते दहा लिहिलेले पत्ते, एक 'के', आणि अजून दोन कोण, हे तिला शेवटपर्यंत कळलं नसावं. त्याची गरजही पडली नाही. लॉग उघडून पाहिला. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला शंका. एकशे पंधराव्या मिनिटाला सबमिशन, पहिल्याच फटक्यात बरोबर. मधली अडुसष्ट मिनिटं या कागदावर. तो प्रॉब्लेम सोडवलेल्या बाकीच्या मुलांना वीस-पंचवीस मिनिटं लागली होती.

मग मी माझं स्टेटमेंट पुन्हा वाचलं, जे वाचायला मी तिला सांगितलं होतं. 'अ स्टँडर्ड डेक ऑफ कार्ड्स.' बस. बावन्न कुठेच नव्हतं. चार रंग इनपुटच्या अक्षरांवरून कळत होते, पण प्रत्येकात तेरा आहेत हे कुठे लिहिलं नव्हतं. राजा, राणी, गुलाम यांच्यासाठी कोणती अक्षरं येतील तेही नाही. मी ते वाचायला सांगितलं, आणि तिने वाचलं. माझ्यापेक्षा नीट वाचलं.

झोप लागली नाही, आणि का लागत नाही हे कळायलाही वेळ लागला. चुका होतात. स्टेटमेंटमध्ये एखादी मर्यादा लिहायची राहते, मग सगळ्यांना घोषणा करून सांगतो, कधी एखादा प्रॉब्लेमच रद्द करतो. ते खुपत नव्हतं. खुपत होते ते दहा सेकंद. आणि मध्यरात्री कधीतरी आजोबांचं माळवद आठवलं.

आमच्या गावच्या घराला माळवद होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारलं की मातीचा वास सुटायचा. तिथे आजोबा मला बुद्धिबळ शिकवत. लाकडी सोंगट्या होत्या, एका उंटाची मान मोडलेली, ती मेणाने चिकटवलेली. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं, वजीर हवा तसा. मी नववीत असताना आजोबांना हरवलं तेव्हा त्यांनी गल्लीतल्या चार घरांत जाऊन सांगितलं होतं. पुढे २००७ मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी पुण्यात माझ्या पहिल्या कोडिंग स्पर्धेला गेले. दुसराच प्रॉब्लेम बुद्धिबळाचा होता. पटावर इतके रूक्स आहेत, एकमेकांना न मारता किती ठेवता येतील. माझं सगळं शिक्षण जिल्हा परिषदेच्या आणि नंतर तालुक्याच्या मराठी शाळेत झालेलं. रूक म्हणजे कोण? नाइट आणि किंग ही नावं ऐकलेली होती. रूक ऐकलेला नव्हता. बिशप म्हणजे पाद्री, एवढं माहीत होतं, पण पाद्री पटावर काय करतो? मी रूकला उंट समजले आणि तिरक्या रेषांचं एक अवघड कोड दीड तास लिहीत बसले. तीन वेळा चुकलं. शेजारच्या मुलाने पाच मिनिटांत सोडवलं होतं, कारण रूक म्हणजे हत्ती, आणि हत्तीसाठी ते खरोखरच पाच मिनिटांचं काम होतं.

मी शंका विचारली नाही. विचारायची सोय होती, बटण समोर होतं. पण मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असणार. न येणारी मी एकटीच.

हे मी विसरले होते. अठरा वर्षांत रूक, बिशप, डेक, डाइस हे सगळे शब्द इतके अंगवळणी पडले, की ते कधी माझे नव्हते हेही आठवेनासं झालं. ज्या मुलीने माझ्यापेक्षा जास्त धीर केला, बटण दाबलं, तिला मी परत पाठवलं.

दोन दिवसांनी तिला फोन केला. पंढरपूरजवळच्या एका गावातली, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. मागे गुरांचा आवाज येत होता आणि कुणीतरी बादली आपटत होतं. मी कागदाबद्दल विचारलं तर ती घाबरली. तिला वाटलं काहीतरी चुकीचं सापडलंय. "नाही ग," मी म्हटलं, "मला फक्त विचारायचंय, तुला कॅटात किती पत्ते असतात ते खरंच माहीत नव्हतं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी पत्ते नाही आणत. आजोबा माळकरी आहेत. पत्त्याला हात लावलेला चालत नाही." मग लगेच, जणू घराची बाजू सांभाळत, "तसं दुसरं सगळं खेळू देतात."

माझी चूक होती, स्टेटमेंट अपुरं होतं, असं मी तिला सांगितलं. "नाही मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही वाचा म्हटलात, मला वाटलं मीच कुठलीतरी ओळ सोडली. तीन वेळा वाचलं परत." हे वाक्य ऐकलं आणि पुढे काय बोलावं ते सुचेना. अडुसष्ट मिनिटांतली कितीतरी तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, नसलेली ओळ शोधण्यात घालवली होती.

ती सहावी आली होती. चार प्रॉब्लेम सुटलेले, पाचव्या आलेल्या मुलाचेही चारच. एकूण वेळेत ती एकतीस मिनिटांनी मागे. बक्षीस पहिल्या पाचांना. हा हिशेब मी गटापुढे मांडला तेव्हा मोठा वाद झाला, आणि तो वाद मला आवडला, कारण कुणीही हे क्षुल्लक आहे म्हटलं नाही. एक जण म्हणाला, तो प्रॉब्लेम रद्द करून पुन्हा क्रमवारी लावा. पण मग ज्यांनी तो प्रामाणिकपणे सोडवला त्यांचं काय? त्यात तीही आली, तिने तर सगळ्यांत जास्त कष्टाने सोडवला होता. दुसरा म्हणाला, तिच्या वेळेतून चाळीस मिनिटं वजा करा. कोणत्या हिशेबाने चाळीस? आणि बाकीचे, ज्यांनी विचारलंच नाही? आम्ही सगळ्यांना मेल पाठवून विचारलं. आणखी चौघांनी सांगितलं की कॅट त्यांनाही नीट ठाऊक नव्हता. त्यातल्या दोघांनी तो प्रॉब्लेम उघडून तसाच सोडून दिला होता. त्यांची किती मिनिटं कुठून कापायची? शेवटी क्रमवारी तशीच ठेवली, चूक काय झाली ते माझ्या नावानिशी सगळ्यांना लिहून कळवलं आणि तिला आणि त्या चौघांना बक्षिसाची पुस्तकं पाठवली. न्याय झाला असं मला वाटत नाही. तेव्हा याहून बरं काही सुचलं नाही, इतकंच.

नंतर बऱ्याच दिवसांनी एका गोष्टीकडे मी नव्याने पाहिलं. शालेय मुलांची आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाड, म्हणजे त्यांची प्रोग्रामिंगची स्पर्धा, १९८९ पासून भरते, पहिली बल्गेरियात झाली होती. तिथे स्पर्धेच्या आदल्या रात्री प्रत्येक देशाचे मार्गदर्शक एकत्र बसून प्रॉब्लेम आपापल्या भाषेत उतरवतात, पहाटेपर्यंत. सकाळी मुलाच्या हातात त्याच्या भाषेतला कागद पडतो. हे मला पूर्वीपासून माहीत होतं, पण ती सोय इंग्रजी न येणाऱ्यांसाठी आहे, एवढंच मी धरून चालले होते. आता वाटतं, भाषांतर करायला बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं. डेकला आमच्याकडे काय म्हणतात, आणि ज्याच्या घरी तो नाही त्याला हे कळेल का, हे त्याला विचारावंच लागतं. स्वतःच्या भाषेत लिहिणारा तिथे थांबत नाही. आपल्याकडे या ऑलिंपियाडच्या निवडीची झेडआयओ ही परीक्षा संगणकाशिवाय, नुसत्या कागदावर घेतली जायची. ज्या मुलाने संगणकाला हात लावलेला नाही त्याचीही विचारशक्ती दिसावी, म्हणून. कागद-पेन्सिलची ती परीक्षा मला कॉलेजात असताना मागासलेली वाटायची. ३८ नंबरचा कागद पाहिल्यापासून तसं वाटत नाही. त्या मुलीचं उत्तम काम संगणकावर झालेलंच नव्हतं.

आता आमच्या गटात एक नियम आहे. 'स्टेटमेंट वाचा' असं उत्तर द्यायचं असेल, तर ज्या ओळीत उत्तर आहे ती ओळ कॉपी करून सोबत द्यायची. ओळ सापडली नाही तर चूक आपली, आणि खुलासा चौसष्टच्या चौसष्ट जणांना एकाच वेळी. यंदाच्या सरावात पहिल्याच तासात मला दोनदा ओळ सापडली नाही. दोन्ही वेळा ती तिथे आहे अशी माझी खात्री होती.

आणि ती मुलगी यंदा स्पर्धेत उतरली नाही. मी विचारलं म्हणून परीक्षकांच्या बाजूला आली, टेस्टर म्हणून. गेल्या आठवड्यात तिच्याकडे माझा नवा प्रॉब्लेम पाठवला. पत्ते नाहीत, पट नाही. यंदा मी मुद्दाम क्रिकेट घेतलं होतं, कारण क्रिकेट कुठल्या गावात खेळत नाहीत? एका गोलंदाजाने इतके चेंडू टाकले, त्याची पूर्ण ओव्हर्स किती. रात्री उशिरा फाइल परत आली. दुसऱ्या ओळीवर पिवळी खूण होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'मॅडम, ओव्हरमध्ये किती बॉल ते दिलेलं नाही.'

क्षणभर मनात तेच आलं, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. मग लक्षात आलं की मराठीत षटक म्हणताना सहाचा आकडा शब्दातच आलेला असतो. इंग्रजी ओव्हरमध्ये तो कुठेच नाही. मी ओळ घातली, एका ओव्हरमध्ये सहा लीगल बॉल असतात, आणि फाइल परत पाठवली.

दहा मिनिटांत तिचा मेसेज आला. "मॅडम, लीगल म्हणजे कुठले?"

मी वाइड आणि नो-बॉलची व्याख्या लिहायला बसले.